भुवईचा केस, मिशीचा केस

कापडावर नक्षी छापणाऱ्या त्या कारखान्यात सगळ्यांत शांत खोली होती ती फिल्मबाईंची. बाहेर लांबच लांब टेबलांवर कापड ताणून चिकटवलेलं असे, चौकटी उचलल्या जात, आपटल्या जात, रंगाच्या बादल्या खणखणत, आणि ह्या सगळ्या गलक्याच्या वर रंगमास्तरांचा आवाज असे. रंग कालवायचे सोडून ते रंगभूमीवर गेले असते, तर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कानात बोट घालावं लागलं असतं. पण बाईंच्या खोलीचं दार लोटलं की एकदम विंगेत आल्यासारखं वाटायचं. अर्धवट अंधार, मधोमध खालून उजेड देणारं काचेचं टेबल, त्यावर वाकलेल्या बाई, आणि त्यांच्या अंबाड्यात खोचलेला एक बारीक ब्रश.

फिल्मबाई हे नाव ऐकून नवखा माणूस हमखास फसत असे. दूरच्या नात्यातल्या एका जावयांनी एकदा मोठ्या अदबीनं विचारलं होतं, "आपण कुठल्या फिल्ममध्ये होता?"

"सगळ्याच," बाई म्हणाल्या होत्या. "फक्त दिसत नाही मी."

आणि ते खोटं नव्हतं. चित्रकार कागदावर चित्र काढून पाठवतो ते सपाट रंगांत. छटा नाही, सावली नाही. हिरवा संपला की मोहरी सुरू, मोहरी संपला की निळा. कागदावर हे सोपं असतं. कापडावर मात्र सगळे रंग एकदम येत नाहीत. प्रत्येकाची जाळीची वेगळी चौकट, प्रत्येकाची वेगळी एंट्री. फिकटांनी आधी यायचं, आपलं काम करून निघून जायचं, आणि मग गडदांनी यायचं. म्हणून कुणीतरी ते चित्र आधी फोडून द्यावं लागतं. पारदर्शक फिल्मवर, काळ्या शाईनं, एकेका रंगाची जागा तेवढी उतरवायची. मोहरी कुठं कुठं आहे ते एका फिल्मवर, हिरवा कुठं आहे ते दुसऱ्या. जुन्या नाटक मंडळ्यांत अख्ख्या नाटकातून प्रत्येक नटाची नक्कल वेगळी उतरवून देत असत, अगदी तसंच. नटाच्या हातात फक्त त्याची वाक्यं. बाकीचं नाटक त्याला तालमीत कळायचं.

हे नकला उतरवण्याचं काम बाई लग्नाच्या आधीपासून करत होत्या. हात असा की ब्रशच्या एका फटकाऱ्यात पान. नाकावर माशी बसू देत नसत, आणि का बसू द्यावी?

मग जुने मालक घरी बसले आणि त्यांच्या मुलीनं कारखाना हातात घेतला. धाकट्या मालकीणबाई गोड स्वभावाच्या होत्या. कुणाला दुखवायचं म्हटलं की त्या आधी स्वतःच कानकोंड्या होत. एके दिवशी त्या बाईंच्या खोलीत आल्या, उगाच टेबलाची काच पुसली, आणि म्हणाल्या, "मावशी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावण्यासारखं असलं तर रागावणार. विचार."

"संगणक आणतेय. कापडाच्या डिझाईनचा खास प्रोग्रॅम आहे त्यात. चित्र आत घातलं की रंग वेगळे होतात, एकेक रंग एकेका थरावर. तुम्ही शिकाल?"

"आणि नाही शिकले तर?"

मालकीणबाईंनी पुन्हा काच पुसली. "तर फिल्म बाहेरून करून आणावी लागेल. ही खोली... तुम्हाला घडीखात्यात बसता येईल. बसून काम आहे. पंखा आहे."

घडीखातं म्हणजे छापून आलेल्या कापडाच्या घड्या घालायच्या. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती. पण जन्मभर ज्यानं नाटक बसवलं त्याला दारावर तिकिटं फाडायला उभं करावं, तसं ते होतं. तोंडावर मात्र त्यांनी काही दिसू दिलं नाही. "आण तुझा संगणक," त्या म्हणाल्या. "बघू, कोण कुणाला शिकवतं ते."

पहिलं कामही आलं ते साधंसुधं नव्हे. गावातलं जुनं नाटकगृह डागडुजी करून पुन्हा उघडणार होतं. त्याचा दर्शनी पडदा कारखान्यात छापायचा होता. चित्र सुरेख होतं: रात्रीचा निळा रंग सगळीकडे, त्यात हिरवी आणि मोहरी रंगाची पानं, पानांत विटकरी पक्षी, पक्ष्यांची पोटं सायीच्या रंगाची. पाच रंग, सगळे सपाट.

बाईंनी घरी सांगितलं आणि ती चूक झाली. सासूबाई ऐंशीच्या पलीकडे गेल्या होत्या, गुडघे कामातून गेले होते, पण जिभेला गंज चढला नव्हता. त्यांना नाटकाचं भारी वेड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत बातमी झाली होती.

"आई, अहो अजून एक रेघ नाही काढली मी," बाई म्हणाल्या.

"मग काढ की पटापट. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. सांगून ठेवलंय समोरच्या घरातल्या मास्तरीणबाईंना, माझ्या सुनेचा पडदा आहे म्हणून. आता माझी मान खाली घालायला लावू नकोस."

"आणि नाटक कुठलं आहे?"

"ते कोण विचारतंय?"

संगणकाशी बाईंचा पहिला आठवडा भांडणात गेला. चित्र स्कॅन करून आत घातलं, तर यंत्राला त्यात शेकडो रंग दिसायला लागले. कागदाचा खरखरीतपणा, ब्रशचा ओघळ, कुठं रंग जाड, कुठं पातळ. माणसाच्या डोळ्याला जो एक मोहरी, तो यंत्राला अख्खा मोहल्ला.

"मास्तर," बाई दारातून ओरडल्या, "ह्याला एका मोहरीत चारशे मोहऱ्या दिसतात!"

"मग चष्मा लावा त्याला!" तिकडून उत्तर आलं.

पण शेकडोंचे पाच करायची युक्ती हळूहळू सापडली. सारख्या दिसणाऱ्या छटा एकत्र करायच्या, उरलेले चुकार ठिपके मोठे करून बघायचे आणि एकेक वेचायचे. निळ्यात अडकलेला हिरवा कण, पक्ष्याच्या पोटावर पडलेला विटकरी डाग. बाई डोळ्यांत तेल घालून बसल्या. आणि बसता बसता, त्यांच्याही नकळत, त्यांना ते आवडायला लागलं. शाई वाळायची वाट बघायची नाही. कोपर लागून फिसकटायची भीती नाही. आणि सगळ्यांत नवलाचं म्हणजे चुकलं तर एक बटण दाबलं की चूक झालीच नव्हती!

त्यांनी हे घरी जेवताना सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"असं बटण आहे? मागचं सगळं पुसणारं?"

"हो ना!"

"मला माझ्या लग्नाच्या दिवशी दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"अहो आई, मग तुमचा मुलगा झाला नसता."

"तेच म्हणतेय मी."

मुलगा, म्हणजे बाईंचे यजमान, पावाची गाडी चालवून दमून आलेला साधा माणूस. त्यानं आणखी एक भाकरी वाढून घेतली.

शेवटी पाच रंग पाच थरांवर गेले. बाईंनी एकेक थर झाकून, एकेक उघडून पाहिला. नुसता साय रंग उघडला की अंधारात तरंगणारी पोटं. वर विटकरी उघडला की पोटांना पक्षी फुटले. मोहरी आला, हिरवा आला, शेवटी निळा आला आणि सगळ्यांना कवेत घेऊन बसला. कुठं कण सांडलेला नाही, कुठं एक रंग दुसऱ्यावर चढलेला नाही. रंगाला रंग असा भिडवला होता की मधून सुई गेली नसती. इतकं नेमकं काम बाईंनी हातानं जन्मात केलं नव्हतं. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी फिल्म काढल्या, त्यांवरून जाळीच्या चौकटी तयार झाल्या, आणि नमुन्याचं कापड टेबलावर ताणलं गेलं.

मास्तरांनी स्वतः जाळीतून रंग ओढले. शेवटची निळी चौकट उचलली, आणि सगळे पुढे वाकले.

प्रत्येक पानाला, प्रत्येक पक्ष्याला एका बाजूनं पांढरी रेघ होती. केसासारखी बारीक, पण पांढरीफटक. जणू कुणी चित्र कात्रीनं कापून पुन्हा जोडलं होतं आणि जोडताना हात हलला होता.

"फिल्म सरकली आहे," मास्तर म्हणाले.

"फिल्म सरकत नाही. तुमची चौकट सरकली आहे."

"माझी चौकट? बाई, ह्या टेबलावर चौकट बसवताना माझे केस पांढरे झाले."

"मग तेच केस कापडावर पडले असतील!"

टेबलाभोवतीची माणसं हसू दाबत इकडेतिकडे बघू लागली. मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांची मिशी हा कारखान्यातला मानाचा ऐवज होता. दाट, राठ, दोन्ही बाजूंना झुकलेली. ते रागावले की आधी ती रागावायची.

बाई खोलीत परतल्या आणि त्यांनी तेच केलं जे कुठलाही मानी कारागीर करतो. त्यांनी ठरवलं की नेमकेपणा कमी पडला. पुन्हा पहिल्यापासून प्रत्येक कडा मोठी करून पाहिली, प्रत्येक खाच भरली, जिथं आधी नजर चुकवून रंग एकमेकांत शिरला होता तिथून तो हुसकावून लावला. दुसरा नमुना छापला. पांढऱ्या रेघा पहिल्यापेक्षा जास्त! आधी जिथं नव्हत्या, तिथंही आता होत्या.

ह्या वेळी मास्तर भांडले नाहीत, आणि तेच बाईंना जास्त लागलं. मालकीणबाई आल्या, नमुना पाहिला, कापडाचं टोक उगाच सरळ केलं.

"मावशी, एकदा बाहेर दाखवू या का कुणाला? नुसतं दाखवायला."

"दाखव," बाई म्हणाल्या. नुसतं दाखवायला म्हणजे काय, हे दोघींनाही ठाऊक होतं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "झाला का गं पडदा?"

"होतोय."

"होतोय म्हणजे बोंब आहे."

"आई, जेवा."

दुसऱ्या दिवशी बाई जरा लवकर आल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. घडीखात्यात जायचं तर आपलं सामान आपल्या हातानं उचलावं, दुसऱ्यानं उचलू नये, एवढाच विचार. ब्रश फडक्यात गुंडाळले. शाईच्या बाटल्या पुसल्या. खालच्या खणात त्यांच्या जुन्या फिल्म होत्या, हातानं काढलेल्या, एकावर एक ठेवलेल्या. सगळ्यांत खाली एक वेलबुट्टीची जोडी होती, त्यांनी पहिल्यांदा एकटीनं केलेली. टाकून द्यायच्या आधी एकदा पाहावी म्हणून त्यांनी काचेखालचा दिवा लावला, पिवळ्याची फिल्म ठेवली, वर काळ्याची ठेवली, खुणेला खूण जुळवली.

आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

पिवळं फूल काळ्या रेघेपाशी थांबत नव्हतं. ते रेघेच्या खाली थोडं शिरलं होतं. प्रत्येक पाकळी, प्रत्येक देठ. फिकट रंग गडद रंगाच्या पांघरुणात पाय खुपसून झोपल्यासारखा. बाईंनी दुसरी जोडी काढली. तीच गोष्ट. तिसरी. तीच. इतकी वर्षं त्यांचा हात हे करत होता आणि त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं, की आपण रेघेवरच थांबतो.

मग कोपराला आठवलं. डोक्याला नाही, कोपराला. ह्याच टेबलावर त्यांना शिकवणाऱ्या थोरल्या बाई शेजारी बसत. अबोल बाई. ब्रश रेघेपाशी थांबला की त्या बोटाच्या पेरानं कोपराला हळूच टिचकी मारत, आणि ब्रश रेघ ओलांडून किंचित पुढे जाई. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, ह्यांनीही विचारलं नाही. काही दिवसांनी टिचकीची गरज उरली नाही. हाताला कळलं होतं, आणि हातानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

ओलं झालं की कापड सरकतं, आकसतं, ताणतं. ते काही काच नव्हे. रंगाला रंग नुसता भिडवून ठेवला तर कापडानं अंग हलवताच दोघांमध्ये फट पडणार. एकाचं टोक दुसऱ्याखाली असेल, तर कापड कितीही हललं तरी खालचं पांढरं दिसणार नाही. यंत्रानं बाईंचं म्हणणं शब्दशः ऐकलं होतं. त्याच्या कोपराला टिचकी मारायला कुणी नव्हतं.

"मास्तर!" बाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच मास्तरांच्या वर गेला. "तुमची चौकट निर्दोष आहे!"

मास्तर दारात येऊन उभे राहिले. "हे लिहून द्याल का?"

"आधी फोन लावा त्या प्रोग्रॅमवाल्यांना."

फोनवर पलीकडे एक नम्र तरुणी होती. बाईंनी सांगितलं, "हे बघ ताई, मला फिकट रंग गडदाच्या पोटात थोडा सरकवायचाय. सगळीकडे. एकेक कडा हातानं नाही करायची मला."

"हो, सोय आहे ना. तो थर निवडा, आणि रंग किती पसरवायचा तो आकडा घाला. किती पिक्सेल हवाय?"

"पिक्सेल मला नाही कळत. भुवईच्या केसाइतका."

"मॅडम, भुवईचं माप नाहीये आमच्याकडे."

"तुला भुवया आहेत ना?"

"आहेत, पण..." आता ती हसायला लागली होती. "मॅडम, असं करा. केस स्कॅनरवर ठेवा. चित्र स्कॅन केलंत त्याच मापानं स्कॅन करा. किती ठिपके रुंद दिसतो ते मोजा. तेवढा आकडा घाला."

बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता भुवईचा एक केस उपटला. डोळ्यांत पाणी आलं, पण केस काचेवर गेला. पडद्यावर तो मोठा करून पाहिला तर जेमतेम एक ठिपका.

"हे तलम कापडाला चालेल," मास्तर मागून म्हणाले. एव्हाना ते खुर्ची ओढून बसले होते. "हा नाटकाचा पडदा आहे. जाड कापड. ओलं झालं की म्हशीसारखं अंग सोडतं. तिथं तुमची भुवई काय कामाची?"

"मग तुमची मिशी देता?"

मास्तरांनी घसा साफ केला. दाराकडे पाहिलं, कुणी नाही ह्याची खात्री केली. मग मोठ्या गांभीर्यानं, राजानं मुकुट उतरवावा तसा, मिशीतून एक केस उपटून त्यांनी बाईंच्या तळहातावर ठेवला.

"एकानं नाही भागायचं," बाई म्हणाल्या.

"बाई, माणसाची अब्रू असते."

"तीन द्या. शेजारी शेजारी ठेवते."

तीन केस काचेवर गेले. ठिपके मोजले आणि बाईंनी तो आकडा घातला. साय, मोहरी, हिरवा, विटकरी, प्रत्येकाला आपल्याहून गडद शेजाऱ्याच्या खाली मिशीच्या तीन केसांइतकं शिरू दिलं. निळ्याला जागचा हलवला नाही. तो सगळ्यांच्या वर येणारा, त्यानं फक्त पांघरायचं.

तिसऱ्या नमुन्याला टेबलाभोवती अख्खा कारखाना जमला. घडीखात्यातल्या बायकासुद्धा आल्या. बाई आपल्याकडे येणार म्हणून त्यांनी पंख्याखालची जागा रिकामी करून ठेवली होती. निळी चौकट उचलली गेली. मास्तर वाकले, बाई वाकल्या, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

पांढरं कुठंच नव्हतं. उलट पानं जिथं निळ्याखाली शिरली होती तिथं कडेला एक अंधुक, गडद किनार उमटली होती, आणि त्यामुळे पानं कापडावरून किंचित उचलल्यासारखी वाटत होती.

"मावशी," मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "ही सावली मूळ चित्रात होती?"

"नव्हती. आता आहे."

मालकीणबाईंनी ह्या वेळी काहीच पुसलं नाही. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कपाट परत लावून घ्या. आणि ती खोली आता जरा मोठी करू या का?"

"मोठी नको. अंधार तेवढा राहू दे."

घडीखात्यातली एक बाई मात्र नाराज झाली. "म्हणजे येत नाही तुम्ही? आम्ही किती गप्पा साठवून ठेवल्या होत्या!"

नाटकगृह उघडलं त्या संध्याकाळी बाईंच्या यजमानांनी पावाच्या गाडीतून सगळ्यांना नेलं. सासूबाई पुढे, बाकीचे मागे, अंगाला भाजक्या पावाचा वास. सासूबाई म्हटल्याप्रमाणे पहिल्या रांगेत बसल्या. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई, त्यांना मुद्दाम आणलेलं. मागच्या रांगेत रंगमास्तर, मिशीला तेल लावून.

जुन्या नाटकगृहांना एक वास असतो, लाकडाचा, धुळीचा, थोडासा अत्तराचा. डागडुजीत भिंती बदलल्या, खुर्च्या बदलल्या, पण तो वास मागे राहिला होता. घंटा झाली. प्रेक्षागृहातले दिवे मावळले, आणि खालून पायदिव्यांचा उजेड पडद्यावर चढत गेला. रात्रीचा निळा आधी उजळला. मग पानं. मग पक्षी, एकेक करत, जणू आत्ताच येऊन बसलेले. सगळ्या प्रेक्षागृहात ती कुजबुज आणि खाकरणं पसरलं जे फक्त पडदा वर जायच्या आधी असतं, आणि ज्याच्यासाठी कितीतरी माणसं जन्मभर वेड्यासारखी नाटकाच्या मागे धावली आहेत.

सगळ्यांचे डोळे पडद्याकडे होते, पण तो कधी उठतो ह्यासाठी. एकट्या फिल्मबाई त्याच्याकडे त्याच्यासाठी बघत होत्या. उजवीकडून डावीकडे, ओळीनं, एकही कड न चुकवता.

"सापडली का पांढरी रेघ?" मास्तरांनी मागून विचारलं.

"शोधतेय."

"माझे तीन केस आहेत त्यात. नीट बघा."

"गप्प बसा हो!" सासूबाईंनी दोघांना दटावलं. मग त्या स्वतःच मास्तरीणबाईंकडे झुकल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघितलंत? रंग कुठं संपतो ते कळतसुद्धा नाही."

शेवटची घंटा झाली. दोऱ्या ओढल्या गेल्या आणि पडद्याला एक सुरकुती पडली, पक्ष्यांनी पंख हलवले, आणि तो सावकाश वर निघाला. बाई अजून डावीकडच्या शेवटच्या पक्ष्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

"अगं बाई," त्यांच्या तोंडून मोठ्यांदा निघालं, "उघडला की हो एवढ्यात!"

पहिल्या रांगेत हशा पिकला. रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाला काही कळेना. त्यानं अजून एकही वाक्य म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मध्यंतराला पडेल गं परत. तोवर नाटक बघ."